अर्धी सुई

आमच्या घरात पेनिसिलिन माठाखाली राहत असे. तिवईवर माठ, तिवईखाली ओल्या वाळूनं भरलेलं घमेलं, आणि त्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेल्या रबरी बुचाच्या दोन-तीन छोट्या बाटल्या. माठ भरताना आई थोडं पाणी वाळूवरही शिंपडायची. औषध थंड ठेवायचं असतं एवढं आम्हाला ठाऊक होतं. घरात बर्फाची पेटी नव्हती, पण अक्कल भरपूर आहे असा आमचा समज होता.

त्या बाटल्या काकांच्या. काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. लग्न केलेलं नव्हतं, आमच्यातच राहायचे. संस्थानच्या फौजेत ते ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सुया टोचायच्या. संस्थान विलीन झालं, फौज मोडली. काकांकडे एक खाकी कोट राहिला आणि हातातली कला राहिली. मग ते एका कापडमिलच्या दवाखान्यात त्याच कामावर लागले. कामगारांना सुई देऊन झाली की बाटलीच्या तळाशी जे उरे, ते काका फेकत नसत, घरी आणत. फेकणं त्यांच्या लेखी पाप होतं.

त्या उरलेल्या औषधावर आमची सबंध गल्ली बरी होत असे. कुणाला गळू झालं, कुणाचा घसा धरला, कुणाच्या लग्नाच्या तोंडावर सर्दी झाली, की यायचे आमच्याकडे. काका पितळी डबीत सुई उकळायचे, कोट चढवायचे आणि टोचायचे. पण पूर्ण नाही. बाटली दहा जणांना पुरवायची होती ना! म्हणून प्रत्येकाला अर्धी. दुसऱ्या दिवशी ताप उतरला की तिसरी सुई नाहीच. "उतरला न ताप? बस. बाकीचं दुसऱ्याच्या कामाला येईल." असं म्हणून बाटली परत वाळूत. लोक पाया पडून जायचे. गल्लीत तिला नावच पडलं होतं, अर्धी सुई.

मध्यप्रदेश नवा झाला ते दिवस. राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागे वडिलांचं ऑफिसही गेलं आणि ऑफिसमागे वडील गेले. आमच्या इंदूरचे लोक तेव्हा भोपाळचं नाव काढलं तरी तोंड फिरवायचे. वडील महिन्यातून एकदा येत. बाकीचा महिना घरात काका म्हणतील तेच. पत्रात वडील शेवटची ओळ ठरलेली लिहीत, 'दादा सांगेल तसं करावं.'

मी पंधरा वर्षांची होते आणि मला नाही म्हणायची खोड होती. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. गंमत अशी की खरं संकट आलं ते हाडातच.

डाव्या नडगीवर एक केसतूड झालं. एवढंसं. काकांनी पाहिलं, दाबलं, पू काढला, आणि अर्धी सुई दिली. दोन दिवसांनी बरं वाटलं. सुई बंद. आठवड्यानं परत ठणका, परत अर्धी सुई, परत बरं, परत बंद. असं तीनदा झालं. काकांच्या नाकपुडीत एक पुळी कायम असे. वर्षभर कधी सुकायची, कधी फुलायची. विचार करताना ते अंगठ्यानं ती चाचपत. माझा पाय हातात घेऊन ते बराच विचार करत, हे मला आज आठवतं. तेव्हा दिसत होतं, पण कळत नव्हतं.

चौथ्या वेळी ताप आला तो उतरलाच नाही. पाय नडगीपासून घोट्यापर्यंत लाल, तट्ट फुगलेला. पांघरुणाचं टोक लागलं तरी मी किंचाळत होते. काकांनी त्या दिवशी पूर्ण बाटली टोचली. काही उपयोग झाला नाही. तेव्हा त्यांनी टांगा बोलावला आणि मला मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथल्या सर्जनसाहेबांचा दरारा मोठा. उंच, गोरे, कुणाशी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नसत. त्यांनी पेनिसिलिनचे मोठे डोस सुरू केले, चार-चार तासांनी. सहा दिवस. दोन्ही बाजूंना टोचून टोचून मला धड बसता येईना, पण ताप हटला नाही. पायाचा फोटो काढला. त्यात हाड एका जागी पोखरलेलं दिसलं. मग पाय दोन ठिकाणी फाडून पू काढला. तरी ताप तसाच. सातव्या दिवशी सर्जनसाहेब पलंगाशी उभे राहिले आणि काकांना म्हणाले, "ज़हर खून में जा रहा है. घुटने के नीचे से पैर निकालना पड़ेगा. नहीं तो लड़की नहीं बचेगी. काग़ज़ पर दस्तख़त कर दो."

काका ताठ उभे राहिले. फौजेत वरच्याचं ऐकायचं असतं, एवढंच त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. ते "जी साहब" म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. माझा पाय, माझ्यादेखत, माझ्या काकांच्या पेनानं जाणार होता! मला उठता येत नव्हतं तरी उठले आणि तो कागद ओढून उशीखाली घातला.

"नाही," मी म्हटलं.

"अगं, साहेब म्हणताहेत."

"साहेबांना म्हणावं, तुमचा पाय द्या."

सर्जनसाहेबांना मराठी येत नव्हतं, पण सूर कळला. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. "दो दिन," ते म्हणाले. "उसके बाद मैं नहीं पूछूँगा."

त्या दोन दिवसांतल्या पहिल्या दिवशी सकाळी एक बाई आली. ठेंगणी, सावळी, सुती साडीवर पांढरा कोट, बोटांना जांभळे डाग. ती इस्पितळाच्या लॅबमधली डॉक्टर. पाय फाडला तेव्हाच्या पुवाची तपासणी तिच्याकडे गेली होती. तिनं माझी नाडी पाहिली नाही, ताप पाहिला नाही. स्टूल ओढून बसली आणि विचारलं, "बेटा, यहाँ आने के पहले पेनिसिलिन लगा था?"

काका म्हणाले, "कभी-कभार. थोड़ा."

आईनं माझा दंड दाबला. त्या दाबण्याचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. घरातलं बाहेर सांगायचं नाही. काकांचा मान जाईल, नोकरी जाईल, गल्ली काय म्हणेल. काकांनी मला खांद्यावर बसवून दसऱ्याची स्वारी दाखवली होती. मला भूगोल त्यांनी शिकवला होता. मला त्यांची लाज काढायची नव्हती. पण पाय त्यांचा नव्हता ना, माझा होता.

मी सगळं सांगितलं. माठ, वाळू, उरलेल्या बाटल्या, अर्धी सुई, ताप उतरला की बंद, गल्लीत कुणाकुणाला, किती वर्षं. आई रडायला लागली. काका खिडकीबाहेर पाहत राहिले. ती डॉक्टर मात्र रागावली नाही. म्हणाली, "अच्छा किया जो बता दिया." आणि दुपारी मला चाकाच्या खुर्चीत घालून लॅबमध्ये घेऊन गेली. काकांनाही यायला सांगितलं. काकांनी खुर्ची ढकलली.

लॅब म्हणजे अंधारी खोली, वास असा की नाक वाकडं व्हावं. तिनं मला सूक्ष्मदर्शकात डोळा लावायला लावला. जांभळ्या ठिपक्यांचे घोस दिसले, द्राक्षांसारखे. "हा रंग पकडून ठेवतात, ही ह्यांची जात," ती मोडक्या मराठीत म्हणाली, मग परत हिंदीवर आली. ते माझ्या पायातले. मला किळस यायला हवी होती, पण राग आला. एवढेसे, आणि ह्यांच्यासाठी माझा पाय?

मग तिनं काचेची एक बशी दाखवली. बशीत रक्ताचा लाल थर, त्याच्यावर सोनेरी साय धरल्यासारखी त्यांचीच वाढ, आणि मधे मधे कागदाच्या टिकल्या ठेवलेल्या. प्रत्येक टिकलीत एक औषध. पेनिसिलिनच्या टिकलीपाशी साय थेट काठाला येऊन भिडली होती, जणू टिकली तिथं नव्हतीच. "इनको पेनिसिलिन से डर नहीं लगता," ती म्हणाली. "हज़म कर जाते हैं."

"असं कसं होऊन गेलं?" काकांनी विचारलं. मी सगळं सांगितल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं बोलणं.

तिनं सरळ सांगितलं. अर्ध्या औषधानं कमजोर मरतात. धीट उरतात. ताप उतरतो, आपण थांबतो, आणि त्या धीटांना मोकळं रान मिळतं. परत अर्धं द्या, आणखी धीट उरतात. वाळूत ठेवलेलं औषध तर आधीच निम्मं मेलेलं. वर्षानुवर्षं एकाच गल्लीत हेच चाललं असेल, तर त्या गल्लीत धीटांचीच वस्ती होणार.

काकांचा अंगठा नाकपुडीकडे गेला. डॉक्टरनं तो पाहिला. मीही पाहिला. तिनं कापूस गुंडाळलेली एक काडी उचलली आणि म्हणाली, "दादा, ज़रा नाक दिखाइए."

पण मला त्या बशीत आणखी एक गोष्ट दिसली होती. कडेच्या एका टिकलीभोवती स्वच्छ रिंगण होतं. तिथं साय नव्हती, नुसता लाल थर. मी बोट दाखवून विचारलं, "हे काय?"

"ये नई दवा है. कैप्सूल में आती है. इससे मरते हैं." मग तिनं बशी झाकली. "इंदौर में अभी नहीं मिलेगी. बंबई में मिल जाएगी."

तिनं चिठ्ठी लिहिली, आणि ती सर्जनसाहेबांकडे स्वतः घेऊन गेली. दाराआड काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आवाज मात्र तिचाच जास्त येत होता. बाहेर येऊन ती म्हणाली, "चार दिन मिले हैं. पाँचवें दिन मैं भी कुछ नहीं कर सकूँगी."

काका त्याच रात्रीच्या गाडीनं गेले. खंडव्याला गाडी बदलून मुंबई, आणि तसेच परत. अंगावर तो खाकी कोट. चौथ्या दिवशी सकाळी ते वॉर्डात शिरले तेव्हा डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली, आणि नाकातोंडावर पांढरा फडका बांधलेला. त्यांनी बाटली पलंगावर ठेवली. मला दिली नाही, ठेवली. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते दोन पावलं मागे सरले.

त्यांच्या नाकातल्या काडीचा निकाल त्यांनी जायच्या आधी ऐकला नव्हता, नुसता संशय घेऊन फिरत होते; त्या दिवशी ऐकला. डॉक्टरनं दोन बश्या शेजारी ठेवल्या. तीच सोनेरी साय, पेनिसिलिनच्या टिकलीला तशीच भिडलेली, आणि त्याच टिकलीभोवती तसंच रिंगण. एक बशी माझ्या पायाची, एक काकांच्या नाकाची. "हे तर एकाच घरचे आहेत," काका म्हणाले. सात-आठ वर्षं गल्लीची सेवा केली असं समजणारा माणूस, त्या दोन बश्यांपुढे पाच मिनिटांत म्हातारा झाला.

मला त्यांची दया आली का? खरं सांगते, त्या दिवशी नाही आली. मला संताप आला होता. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या हातानंच दिलंत मला." पुढं आयुष्यभर मी पुष्कळ बोलले आहे आणि त्यातलं बरंचसं परत घ्यावंसं वाटलेलं नाही. हे एक वाक्य मात्र परत घ्यावंसं वाटतं.

काका मिलमध्ये गेले आणि स्वतःहून दवाखान्याच्या डॉक्टरला सगळं सांगून आले. त्यांना सुई आणि ड्रेसिंगवरून काढून पट्ट्या गुंडाळायला बसवलं. नाकात लावायला मलम मिळालं. त्यांनी घरी येऊन वाळूतल्या बाटल्या काढल्या, फोडल्या आणि पुरल्या. सुईची पितळी डबी मात्र त्यांच्याच्यानं टाकवली नाही, ती फळीवर राहिली.

कॅप्सूलनी पाचव्या दिवशी ताप उतरला. सर्जनसाहेबांनी पाय परत एकदा उघडला, हाडाचा मेलेला तुकडा काढला आणि म्हणाले, "देखते हैं." त्यांच्या तोंडून हे फार होतं. पाय राहिला, पण राहीलच असं कुणी म्हणेना. लॅबवाल्या बाईनं मला घरी पाठवताना हात धरून सांगितलं, "छह हफ़्ते. एक भी कैप्सूल कम नहीं. बीच में अच्छा लगेगा, सब बोलेंगे बंद कर दो. तुम मत सुनना. हड्डी के अंदर दो-चार भी बच गए तो पैर गया समझो."

मत सुनना! हे मला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. आजवर सगळे ऐक म्हणत.

घरी दिवसातून चार कॅप्सूल. वेळ मिलच्या भोंग्यावर लावलेली. काका घरी असले की तेच देत. पण देण्याची त्यांची रीत बदलली होती. आधी साबणानं हात धुवायचे, तोंडाला फडका बांधायचे, कॅप्सूल बाटलीच्या झाकणात काढायची आणि झाकणातून माझ्या तळहातावर सोडायची. बोट लागू द्यायचं नाही. पेला तिपाईवर ठेवून मागे व्हायचं. त्या दिवसांत त्यांनी मला एकदाही हात लावला नाही. माझा संताप कधीच निवला होता, पण ते मला सांगता येत नव्हतं आणि त्यांना विचारता येत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मी छान दिसू लागले. गालांवर रंग आला, जखम आटली. आणि त्याच आठवड्यात बाईसाहेब आल्या.

बाईसाहेब म्हणजे कोण, हे सांगायला हवं. दरबारातल्या एका सरदार घराण्याच्या त्या थोरल्या सूनबाई. आमचे पूर्वज त्यांच्या पागेतले स्वार. दरबार संपला, पागा संपली, तरी आमच्या घरात एक रीत चालूच होती. त्या घरानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. पहिले आंबे तिकडे, दिवाळीचं पहिलं ताट तिकडे. कुणी सक्ती करत नव्हतं. आम्हालाच त्यात मोठेपणा वाटायचा. आणि अर्थात, काकांची अर्धी सुईही तिकडे पोचत असे.

पडदा लावलेला टांगा दाराशी थांबला. गल्ली गोळा झाली. आईनं धावत जाऊन सतरंजी अंथरली. बाईसाहेब बसल्या तेव्हा मान वाकडी धरून बसल्या. मानेवर काळपुळी उठली होती, पदराखालूनही तिचा फुगा दिसत होता. त्यांनी माझी चौकशी केली, पायाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "एकदम छान झाली न पोर! आता त्या मुंबईच्या गोळ्या कशाला लागतात? उरलेल्या आम्हाला देऊन टाक."

मागणं नव्हतंच ते, ठरलेलं होतं. आई उठलीसुद्धा. तिनं फळीवरून बाटली काढली, चांदीच्या तबकात ठेवली, वर विणलेला रुमाल घातला. माझा पाय चांदीच्या तबकात घालून निघाला होता. आईला तसं दिसत नव्हतं, हे मला कळत होतं. ती मान राखत होती. तिच्या सासूनं राखला तसा, तिच्या सासूच्या सासूनं राखला तसा.

मी स्टुलावर पाय ठेवून बसले होते. तबक माझ्यासमोरून जाताना मी रुमाल उचलला, बाटली घेतली आणि मांडीखाली ठेवली.

"देणार नाही."

बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरला. "अगं, बाईसाहेब आहेत!" आई पुटपुटली.

"असू देत. तीन आठवडे राहिलेत माझे. ह्यातली एकसुद्धा जास्तीची नाही."

"बरी तर झालीस तू," बाईसाहेब म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण थंड झाला होता. "आमच्या घरानं तुमच्याकडे आजपर्यंत काही मागून 'नाही' ऐकलेलं नाही."

"मग आज ऐका," मी म्हणाले.

त्याच वेळी काका दारात आले. मिलमधून परतत होते. गर्दी पाहून घाबरून आत शिरले असावेत. त्यांनी बाईसाहेबांना पाहिलं आणि सवयीनं लवून मुजरा केला. बाईसाहेब म्हणाल्या, "बघा तुमची पुतणी. हिला जरा सांगा."

मी काकांकडे पाहिलं. मला खात्री होती. सर्जनसाहेबांपुढे पेन काढणारा माणूस, बाईसाहेबांपुढे काय करणार? मी बाटलीवर सगळं वजन टाकलं.

काकांनी खिशातून फडका काढून नाकातोंडावर बांधला. मग म्हणाले, "सरकार, नाही."

"काय?"

"ती बरोबर बोलून राहिली. ह्या गोळ्या तिच्या आहेत, पूर्ण. आणि दहा-पाच घेऊन तुमचंही काही होणार नाही. अर्ध्यावर तर हे असं होऊन जातं." ते दाराकडे वळले. तिथं सगळी गल्ली उभी होती. "ऐकून घ्या सगळ्यांनी. रोग माझ्या नाकात होता. माझ्या हातानं हिच्या पायात गेला. मी सात-आठ वर्षं सगळ्यांना अर्धी सुई लावली आणि समजत होतो पुण्य करून राहिलो आहे. आता ह्या घरातून कुणाला अर्धं काही मिळणार नाही." मग परत बाईसाहेबांकडे, हात जोडून, "तुमच्या मानेवरचं पण माझंच असेल, सरकार. चला माझ्यासोबत इस्पितळात. तिथं तपासून देतात, कोणतं औषध चालेल ते."

बाईसाहेब उठल्या. पदर सावरून निघाल्या. टांगा गेला, गर्दी पांगली. आई तबक हातात धरून तशीच उभी होती. तिच्या आयुष्यात असं काही झालं नव्हतं, आणि झाल्यावर छत कोसळलं नाही ह्याचं तिला नवल वाटत असावं.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेबांच्या दाराशी जाऊन पायरीवर बसले. आत बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी परत बसले. चौथ्या दिवशी पडद्याचा टांगा निघाला, आणि काका टांगेवाल्याच्या शेजारी बसून इस्पितळात गेले. लॅबवाल्या बाईनं बशी लावली. पेनिसिलिनच्या टिकलीला साय भिडलेली. मग त्यांच्या घरचा माणूस मुंबईला गेला आणि त्यांना त्यांचं स्वतःचं औषध मिळालं, पूर्ण. त्या वाचल्या. पण त्या संक्रांतीला त्यांच्याकडून आमच्याकडे तिळगूळ आला नाही, आणि नंतरही कधी आला नाही. आईला ते फार लागलं. मला अजिबात लागलं नाही.

गल्लीतही काही लोक काकांशी बोलेनासे झाले. ज्यांच्या मुलांची गळवं त्यांनी फुकट बरी केली होती, त्याच बायका त्यांना पाहून नाकाला पदर लावू लागल्या. काका खाली मान घालून मिलमध्ये जायचे, पट्ट्या गुंडाळायचे, भोंग्याला परत यायचे. मी मात्र खिडकीतून त्या बायकांना ऐकवत असे. पाय हलत नव्हता, बाकी सगळं चालत होतं.

सहावा आठवडा संपला तो रविवार होता. काका घरी होते. आदल्या दिवशी लॅबवाल्या बाईकडून त्यांच्या नाकाचा दुसरा निकाल आला होता. बशी स्वच्छ निघाली होती. त्यांनी तो कागद मला दाखवला नाही, आईनं सांगितलं.

त्यांनी हात धुतले. झाकणात कॅप्सूल काढली. एकच होती. मी ती घेतली, पाणी प्यायले. काकांनी बाटली उलटी करून तळहातावर दोनदा आपटली. काही पडलं नाही. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"संपली," ते म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा काही पुरतं संपवलं, ग."

सर्जनसाहेबांचा तो कागद मी इस्पितळातून येताना उशीखालून उचलून आणला होता. दस्तखताची जागा कोरी. मी तो काकांना दिला. त्यांनी वाचला, घडी घातली, आणि चुलीत टाकला.

मग मी स्टुलावरून पाय काढून जमिनीवर टेकवला. दोन्ही. फरशी गार लागली. डाव्या पायाला फरशी गार लागते आहे, एवढ्यानंच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठायला गेले आणि डगमगले. काकांनी झटकन हात पुढे केला, मग काहीतरी आठवल्यासारखा मागे घेतला.

मी तो ओढून धरला.

"धुतलाय न?" मी विचारलं.

"दोनदा," काका म्हणाले.

आणि मी उभी राहिले.